दोन मिनिटांचा सोलो: घरात बसवा, खाडीकाठी शूट करा

ऐरोलीतलं आमचं घर जुन्या सिडको वसाहतीतलं. हॉल १० बाय १२ फुटांचा, त्यात दिवाण, टीव्हीचं कपाट आणि बाबांची आरामखुर्ची. दिवाण उभा करून भिंतीला टेकवला की मधे जेमतेम ८ बाय ८ची जागा मोकळी होते. माझा पहिला सोलो तिथेच बसला. त्यामुळे कोणी विचारलं, ‘स्टुडिओ कुठे मिळेल, कॅमेरा कुठला घेऊ’, की मी म्हणते, ते शेवटी बघू. आधी नाचायचं काय ते ठरव.

गॅदरिंगमध्ये नाचलात, भरतनाट्यमच्या दोन-चार परीक्षा दिल्यात, लेझीम पथकात होतात किंवा नुसतं झुंबाला जाता, पण स्वतःचं असं कधी काही बसवलं नाही, अशांसाठी हे लिहितेय. एक माणूस, एक मोबाइल, दोन मिनिटं, एवढंच ठरवून चला. दोन मिनिटं कमी वाटत असतील तर घड्याळ लावून रिकाम्या खोलीत तेवढा वेळ नुसतं उभं राहून बघा.

‘कॉन्टेम्पररी’ या शब्दाचा बाऊ करू नका. टीव्हीवरच्या स्पर्धांमुळे कॉन्टेम्पररी म्हणजे दुःखी गाणं, विस्कटलेले केस आणि जमिनीवर लोळण, असा समज झालाय. यात ठरलेलं व्याकरण नसतं, इतकंच. अंगाचं वजन सोडून देणं, श्वास ऐकू येऊ देणं, जमिनीला टेकणं, मधेच थांबणं, सगळं चालतं. आधी शिकलेलं पुसून टाकावं लागत नाही. भारतातल्या आधुनिक नृत्यात ज्यांचं नाव आवर्जून घेतात ते अस्ताद देबू (१९४७–२०२०) कथक आणि कथकली दोन्ही शिकलेले होते. त्यांच्या संथ हालचालींमधला ताबा मला तिथूनच आलेला वाटतो. तेव्हा अरमंडी, म्हणजे भरतनाट्यमची ती गुडघे बाहेर वळवलेली अर्धी बैठक, अंगात भिनलेली असेल तर असू द्या.

१. विषय नको, काम शोधा

‘स्त्रीची घुसमट’, ‘महानगरातला एकटेपणा’ असं काही वहीत लिहिलं की अंग लाकडासारखं होतं. हात आपसूक कपाळाला जातो, मग छातीला, मग आभाळाकडे. हे सगळं मी केलेलं आहे, पुरावा जुन्या मोबाइलमध्ये आहे. शरीराला विषय कळत नाही, काम कळतं. म्हणून असं एखादं काम शोधा जे तुमच्या आसपास रोज कोणाच्या तरी हातून होतं आणि ते होत असताना त्या माणसाचं डोकं भलतीकडेच असतं.

मी घेतली आईची झाकपाक. रात्री साडेदहाची. दुधाच्या पातेल्यावर ताटली, तीही सपाट नाही, वाफ जायला एका बाजूने किंचित उचललेली. मग गॅसच्या तिन्ही बटणांवरून ओळीने अंगठा. ओटा पुसताना उजवा हात अर्धगोल फिरतो आणि डावा ओट्याच्या कडेला धरलेला असतो, जणू गाडी हलणार आहे. खिडकीची कडी. दिवा बंद. आणि दारापर्यंत गेल्यावर पुन्हा मागे येऊन अंधारातच तीन बटणं, या वेळी बोटांच्या मागच्या बाजूने.

चार रात्री मी पाणी प्यायचं निमित्त काढून दाराशी रेंगाळले आणि नंतर वहीत लिहिलं. वजन डाव्या पायावर. मान वळत नाही, फक्त डोळे. पुसताना श्वास धरलेला, कडी लागली की सुटतो. पाचव्या रात्री तिच्या लक्षात आलं. ‘काय गं, परीक्षा घेतेस काय माझी?’ म्हणाली, आणि त्या दिवशी तिने सगळं इतकं नीटनेटकं केलं की माझ्या काही उपयोगाचं राहिलं नाही. म्हणून बघायचं ते गुपचूप बघा. आणि मोबाइलवर चोरून शूट करू नका, कोणाचंच. डोळे आणि वही पुरते.

तुमचं काम वेगळं असेल. ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवर ट्रान्सहार्बर, म्हणजे नवी मुंबईकडची लोकल, पकडताना अंग चोरून, मग एकदम खांदा पुढे घालून शिरणं. कोळणीचं पापलेट साफ करणं. शिलाई मशीनवरचा पाय. रिक्षावाल्याचं मीटर टाकणं. काहीही घ्या, पण त्याची पाच ते सात क्रियापदं करा. माझी होती: झाकणे, चाचपणे, पुसणे, ओढणे, मालवणे, परतणे. सातवं सुचलं नाही. सहावर भागलं.

२. कामातून नाच

क्रियापदं मिळाली की पहिला मोह नक्कल करायचा होतो. दोन दिवस करा नक्कल, पोटभर. तिसऱ्या दिवशी वस्तू काढून घ्या. ताटली नाही, ओटा नाही. पण ताटलीचं वजन हातात राहिलं पाहिजे, आणि ओट्याची उंचीही.

मग हालचाल शरीरात दुसरीकडे न्या. पुसण्याचा अर्धगोल हाताऐवजी कोपराने, नितंबाने, टाचेने, नाकाने करून बघा. घरच्यांना काय वाटायचं ते वाटू द्या. तीच हालचाल फक्त बोटाच्या पेरात मावेल इतकी लहान करा, मग भिंतीपासून भिंतीपर्यंत मोठी. उभ्याने केलेली बसून, पडून करा. दोन काउंटमध्ये, म्हणजे ‘एक, दोन’ मोजेपर्यंत, होणारी सोळा काउंटला ताणा. रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) या नृत्यतज्ज्ञाने हालचालीकडे चार बाजूंनी बघायला शिकवलं: वजन, वेळ, जागा आणि ओघ. मी एका चिठ्ठीवर हे चार शब्द लिहून टीव्हीला चिकटवले होते. अडकलं की एक शब्द उचलायचा आणि फक्त तेवढंच बदलायचं. ‘वजन’ आला की तीच कडी लोखंडी दरवाजाची समजून ओढायची, पुढच्या वेळी काडेपेटीची.

माझ्या बाबतीत जे गवसलं ते टाचेत. पाठीवर पडून उजव्या टाचेने फरशीवर तो अर्धगोल काढला आणि लक्षात आलं की डावा हात आपोआप डोक्यामागे जाऊन दिवाणाचा पाय धरतोय. ओट्याची कडा धरतात तसाच. हे मी ठरवलं नव्हतं. असं काही सापडलं की तिथे थांबा, तोच तुमच्या सोलोचा कणा. बाकीचं भराभर टाकून द्या.

आता जोडणी. यासाठी मला माहीत असलेली सगळ्यात सोपी रीत म्हणजे साचवत जाणं. अमेरिकन नृत्यकार ट्रिशा ब्राउन यांनी १९७१ मध्ये एक अख्खी रचना याच तत्त्वावर उभी केली, सुरुवात नुसत्या फिरणाऱ्या अंगठ्यांनी. पहिली हालचाल करायची. मग पहिली आणि दुसरी. मग पहिली, दुसरी, तिसरी. दरवेळी सुरुवातीपासून. कंटाळा येतो आणि तो यायलाच हवा, कारण कंटाळ्यात शरीर शॉर्टकट शोधतं आणि दोन हालचालींमधली खरी वाट तिथे दिसते. झाकपाकीला तर ही रीत हातमोज्यासारखी बसली. आईसुद्धा प्रत्येक वेळी पहिल्या बटणापासूनच सुरू करते.

हालचालींना नावं द्या: ‘ताटली’, ‘तीन बटणं’, ‘टाच’, ‘कडी’. काउंट विसरतात, नावं विसरत नाहीत. असं करत तीस-चाळीस सेकंदांची फ्रेज, म्हणजे हालचालींची सलग ओळ, तयार झाली की दोन मिनिटांसाठी नवीन साहित्य जमवू नका. तीच फ्रेज एकदा सरळ करा, एकदा जमिनीवर, आणि तिसऱ्यांदा ती बिघडू द्या. माझी बिघडते ती तिसऱ्या बटणाशी. अंगठा पुढे सरकतच नाही, परत पहिल्यावर येतो, परत, परत, आणि बघणाऱ्याला वाटायला लागतं की ही बाई आता इथून जाणारच नाही. शेवट काय, हा प्रश्न सगळ्यांना छळतो. कोसळून पडणं आणि कॅमेऱ्याकडे बघत राहणं हे दोन सोडून काहीही करा. मी दारापर्यंत जाते आणि दिवा बंद करते.

रोजची तालीम पाऊण तास पुरे, त्यातली शेवटची पाच मिनिटं मोबाइलवर घ्या. मागच्या कॅमेऱ्याने. सेल्फी कॅमेऱ्यात उजवं-डावं उलटं दिसतं आणि मग स्वतःलाच बघत नाचायची सवय लागते. आरसा असेल तर त्यावर चादर टाका.

३. फरशी आणि गुडघे

मोझेक किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सच्या खाली थेट काँक्रीट असतं. नाचाच्या चांगल्या स्टुडिओत लाकडी जमीन थोडी दबते, घरात धक्का सगळा नडगीत आणि गुडघ्यात जातो. म्हणून घरात उड्या नकोत. बसकण, घरंगळणं, सरपटणं यांची तालीम सतरंजीवर करा आणि नीपॅड लावा, व्हॉलीबॉलवाले वापरतात ते चालतात. मोजे घालून गिरकी सुंदर येते आणि माकडहाडही सुंदर मोडतं. अनवाणीच बरं. आधी पंधरा मिनिटं अंग गरम करा: घोटे, कंबर, खांदे, आणि मणका एकेक मणी सोडत खाली, तसाच वर. उड्या घ्यायच्याच असतील तर समाजमंदिराचा किंवा मंडळाचा हॉल सकाळी मोकळा असतो, ओळखीने मिळतो.

४. आवाज

गाणं आधी निवडू नका. गाणं आधी आलं की नाच त्याच्या शब्दांचे हावभाव करायला लागतो. शांततेत बसवा, मग आवाज शोधा.

आणि गाणं लोकांसमोर टाकायचं असेल तर ते तुमचं नाही हे लक्षात असू द्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे ‘जुनं गाणं आहे, चालतंय’ हे चालत नाही. बऱ्याचदा व्हिडिओ टाकल्यावर आवाजच गायब होतो आणि तुमची दोन मिनिटं मुकी होतात.

त्यापेक्षा घर रेकॉर्ड करा. मोबाइलचा साधा रेकॉर्डर, खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रिज पाच मिनिटांपुरता बंद (परत चालू करायला विसरू नका, आमच्याकडे एकदा खरवस गेला). मी घेतलं ते असं: ताटली पातेल्यावर टेकण्याचा आवाज अगदी जवळून, ओल्या फडक्याचा घासा, कडी, आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी चढतानाची पंपाची घरघर. पंप सलग वाजतो, त्यामुळे तो तानपुऱ्यासारखा खाली ठेवता येतो. वर बाकीचे आवाज मोजके.

५. जागा

घर सोडून बाहेर कुठे शूट करायचं, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न, आणि इथे ठाणे-नवी मुंबईवाले नशीबवान आहेत. खाडी आहे, डोंगर आहे, सिडकोने बांधलेले लांबरुंद चौक आहेत. पण नाचाला शोभेल अशी जागा शोधू नका. ‘हे काम तिथे का होतंय’ याचं काहीतरी उत्तर हवं, भले ते तुम्हालाच माहीत असो.

आधी नकार सांगते. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शूटिंग नाही. वाशी किंवा बेलापूर स्टेशनचा तो भव्य पसारा कितीही खुणावला तरी. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वनखात्याचे नियम. ठाण्यातल्या तलावपाळी आणि उपवन या तलावांवर पहाटेपासून चालायला येणाऱ्यांची रांग असते, त्यातले एक काका हमखास थांबून ‘कुठल्या चॅनलला येणार?’ असं विचारतात. बागांमध्ये हातात मोबाइल असेल तर कोणी बघत नाही, ट्रायपॉड उघडला की वॉचमन शिट्टी मारतो. एका बागेत तर आम्हाला अर्धा टेक झाल्यावर बाहेर काढलं, वर ‘योगा असेल तर करा’ असा सल्ला. तेव्हापासून आधी जाऊन विचारते.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे बिल्डिंगची गच्ची. सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगा, तासाभराचं काम आहे म्हणा. मार्च ते मे टाळा: नऊनंतर पाय भाजतात, आणि गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणं असतात, त्यांच्यापुढे तुमच्या कलेला दुय्यम स्थान आहे.

मला दुसरी जागा खाडीच हवी होती, कारण आईचा पुसण्याचा अर्धगोल आणि ओहोटीने चिखलावर ठेवलेल्या रेषा मला सारख्याच दिसत होत्या. खाडीकाठी जायचं तर भरती-ओहोटी आधी बघायची. किनारपट्टीवर एक जुना हिशेब चालतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. एकादशी असेल तर अकरा पाऊण म्हणजे सव्वाआठ, सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फारसं हलत नाही. हिशेब मांडलात तर दिसेल की पौर्णिमेला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, म्हणून सकाळी सहाला चिखल पार उघडा. मला तेच हवं होतं. तुम्हाला मागे भरलेलं पाणी हवं असेल तर उलटा हिशेब.

चिखलात मात्र उतरू नका. गुडघाभर रुतायला दोन पावलं पुरतात, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. हिवाळ्यापासून मेपर्यंत पक्षी असतात, तेव्हा स्पीकर लावणं तर सोडाच. आम्ही कोळीवाड्याजवळच्या सिमेंटच्या धक्क्यावर शूट केलं, तिथल्या लोकांना विचारून. त्यांनी जाळी बाजूला सरकवली आणि एक मोलाची गोष्ट सांगितली: मासळीच्या खवल्यांवरून पाय सटकतो, आधी दोन बादल्या पाणी मार.

६. मोबाइल

गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा मोबाइल पुरतो. ४के नको, १०८० भागतं आणि मेमरीही भरत नाही. काच रुमालाने पुसा. हे सगळे विसरतात आणि मग ‘स्वप्नाळू लुक’ म्हणून खपवतात.

अंतर. मुख्य लेन्स, म्हणजे ‘१एक्स’, आडवा धरून हात वर केलेला अख्खा माणूस मावायला साधारण १२ फूट लागतात. १० बाय १२च्या हॉलमध्ये ते जमत नाही. मग लोक ‘०.५’वर जातात आणि कडेला गेलेला पाय रबरासारखा ताणला जातो. आम्ही उपाय काढला तो असा: मोबाइल स्वयंपाकघरात ओट्यावर, पालथ्या कुकरला टेकवून, आणि मी हॉलमध्ये. मधल्या दाराची चौकट फ्रेममध्ये आली. अंतर मिळालंच, शिवाय ओटाच नाच बघतोय असं झालं. उंची बेंबीएवढी ठेवा. डोळ्याच्या उंचीवरून पाय आखूड दिसतात.

आडवा की उभा हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. उभ्याने जास्त असेल तर उभी फ्रेम छान, जमिनीवर पडायचं असेल तर आडवी.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. माझ्या पहिल्या शूटमध्ये भिंतीवर काळपट पट्टे वर सरकताना दिसत होते. मला वाटलं मोबाइल बिघडला. बिघडलं काही नव्हतं. आपल्याकडे विजेचं आवर्तन सेकंदाला ५० असतं, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम्सवर (चित्रांवर) असतो, त्याचं या ५०शी जुळत नाही. प्रो मोडमध्ये किंवा मॅन्युअल कॅमेरा अ‍ॅपमध्ये जाऊन २५ फ्रेम्स आणि शटर (एक चित्र किती वेळ उजेड घेतं ते) १/५० सेकंद करा, पट्टे जातात. फार उजेड असेल तर १/१००. हे पर्याय तुमच्या मोबाइलमध्ये नसतील तर दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात घ्या.

१/५०चा दुसरा फायदा, वेगाने जाणारा हात किंचित फिकट ओघळतो आणि नाच मऊ दिसतो. भर उन्हात ऑटोवर ठेवलं तर शटर फार वेगवान होतं आणि तीच हालचाल तुटक, किड्यासारखी दिसते. म्हणून बाहेरचं शूट सूर्योदयाला. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास वर येतो, जूनमध्ये सहाला, त्यापुढचा तास तुमचा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर तुम्ही हललात की चित्र उजळतं-काळवंडतं. विमान मोड लावा. माझ्या एका उत्तम टेकच्या मधोमध कर्जवाल्यांचा फोन आलेला आहे.

७. शूटचा दिवस

एक माणूस सोबत हवाच. नाचता येणारा नसला तरी चालेल, पण जो ‘मस्त, मस्त’ म्हणत नाही असा. माझा मामेभाऊ आला होता. तो कळव्याचा, बोलतो कमी, आणि त्याचं काम एकच, दर टेकनंतर पाय फ्रेमबाहेर गेला का ते सांगणं.

प्रत्येक ठिकाणी सोलो पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण करा. तुकडे करू नका, एडिटला पस्तावाल. कॅमेरा तीन ठिकाणी: लांबून अख्खं शरीर, मधून कमरेच्या वर, आणि अगदी जवळून एकच अवयव. जवळच्या शॉटमध्ये चेहऱ्यापेक्षा टाच, मानेचा मागचा भाग, अंगठा जास्त बोलतात. प्रत्येकी दोन टेक, म्हणजे एका जागी सहा वेळा नाच. त्याहून जास्त वेळा अंग खरं करत नाही, आठवून करतं. टेकच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा, आवाज जुळवायला सोपं जातं.

घरात आणि बाहेर कपडे तेच, केस तसेच, बांगड्या असतील तर तेवढ्याच. आम्ही घरचं शूट आणि धक्क्यावरचं शूट यांत पंधरा दिवस ठेवले आणि मधे मी मेंदी काढून बसले. जवळचे शॉट पुन्हा.

वाऱ्याला ट्रायपॉड पडतो. त्याच्या मधल्या आकड्याला पाण्याची भरलेली बाटली पिशवीत घालून लटकवा.

८. कापाकापी

एडिटिंगला पैसे घालू नका. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती कॉम्प्युटरवर चालते, मोबाइलवरही फुकटची अ‍ॅप्स आहेत. आधी लांबून घेतलेला सगळ्यात चांगला अख्खा टेक खाली अंथरा. तो बघताना जिथे कंटाळलात तिथेच दुसरा शॉट घाला. जिथे कंटाळला नाहीत तिथे हात लावू नका.

कापायचं ते हालचाल चालू असताना, ती संपल्यावर नाही. माया डेरेन या अमेरिकेतल्या दिग्दर्शिकेच्या १९४५ मधल्या छोट्याशा नृत्यपटात नर्तक रानात पाय उचलतो आणि तो पाय खाली येतो एका घराच्या खोलीत. आज मोबाइलवर हे करायला तुम्हाला एक कात्री पुरते, फक्त हालचालीची दिशा आणि वेग दोन्हीकडे सारखा हवा. माझी टाच हॉलच्या फरशीवर अर्धगोल सुरू करते, आणि अर्ध्यावर सिमेंटचा धक्का येतो. दोन्ही टेक पूर्ण घेतले होते म्हणूनच ते जमलं. घरात टाच डावीकडून उजवीकडे गेली असेल तर खाडीवरही तशीच जायला हवी. हे धक्क्यावर उभं राहून डोक्यात ठेवणं अवघड जातं, म्हणून घरचा टेक मोबाइलमध्ये घेऊन जा आणि तिथे बघून करा.

स्लो मोशनचा मोह आवरा. वापरायचाच असेल तर तेवढा शॉट मुद्दाम ५० फ्रेम्सवर घ्या म्हणजे निम्म्या वेगाला तो धक्के न खाता चालतो. धूर, पाऊस, जुन्या फिल्मचे ओरखडे हे तयार मिळणारे इफेक्ट बघायचेसुद्धा नाहीत. रंग थोडे जुळवा, कारण घरातला उजेड पिवळट आणि खाडीवरचा निळसर येतो. शेवटी नाव आणि साल द्या, ज्यांनी जाळी सरकवली त्यांचे आभार माना, बास.

९. पहिला प्रेक्षक

सगळीकडे टाकायच्या आधी एकाच माणसाला दाखवा, आणि ‘कसं झालं’ असं विचारू नका. ‘काय दिसलं’ विचारा. मामेभावाला ‘कोणीतरी काहीतरी विसरलंय’ असं दिसलं. मला पुष्कळ झालं.

आईला मी ते कशावरून केलंय हे सांगितलं नव्हतं. तिने चष्मा लावून, मोबाइल लांब धरून, दोन्ही मिनिटं न बोलता बघितली. मग बोटाने मागे नेलं, ‘ताटली’च्या जवळच्या शॉटवर थांबवलं आणि म्हणाली, ‘हात सपाट पडतोय तुझा. वाफ कुठून जाणार?’

वहीत बघितलं. पहिल्या रात्रीच लिहिलं होतं, किंचित उचललेली. तालमी करता करता मनगट कधी सपाट झालं ते कळलंच नाही. पुढच्या रविवारी दिवाण परत उभा केला आणि तेवढा एक शॉट पुन्हा घेतला.